मारा, सटका, पुन्हा या!

माझ्या कॅरेक्टरचा क्लास आहे ‘रोग’. मराठीत लिहिलं की काहीतरी साथीचं वाटतं. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं, ‘अगं, मी रविवारी रोग असते,’ तर ती म्हणाली, ‘डॉक्टरला दाखव.’ असो. हा रोग म्हणजे इंग्रजीतला लफंगा, उचल्या, सावलीतून येऊन काम उरकून सटकणारा भिडू. माझ्या रोगचं नाव फिरकी. उंची जेमतेम तीन फूट, जात हाफलिंग, हातात आखूड तलवार, अंगात चामड्याचं जाकीट. आणि खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच आमच्या भाषेत डी अँड डी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी फटाफट. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी हा खेळ बाजारात आणला. स्क्रीन नाही, जॉयस्टिक नाही. एक टेबल, चार-पाच दोस्त, कागदावर लिहिलेली आपापली कॅरेक्टर्स आणि वीस बाजूंचा एक फासा. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगणार, राक्षस चालवणार. बाकीच्यांनी ‘मी काय करतो’ ते सांगायचं आणि जमलं की नाही हे फाशाने ठरवायचं. चोराचा क्लास १९७५ च्या पुरवणी पुस्तकात आला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्या ‘थीफ’चा ‘रोग’ झाला. प्रमोशनच म्हणा ना! पुढे २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आली, २०२३ मध्ये सिनेमा आला, ‘बाल्डर्स गेट ३’ आला आणि आपल्याकडच्या आयटीवाल्यांच्या फ्लॅटमध्येही दर वीकेंडला ड्रॅगन उतरू लागले.

आमचा ग्रुप कोथरूडमधला. सॉफ्टवेअर टेस्टर आमचा फायटर, बँकेतली मैत्रीण क्लेरिक, सीए झालेला एक जण विझार्ड. डीएम ग्राफिक डिझायनर, त्यामुळे नकाशे एकदम झकास. आणि मी फ्रीलान्स पत्रकार, मूळ गाव दोंडाईचा, जिल्हा धुळे. फिरकी मी का निवडली, असं सगळे विचारतात. उत्तर सोपं आहे. मी शाळेत खो-खो खेळायचे, आणि मला आयुष्यात एकच युद्धकला नीट येते. मारायचं, सटकायचं, पुन्हा यायचं.

पण या कलेचं एक दुखणं आहे. लोक तिला कला म्हणतच नाहीत. आमचा फायटर दर लढाईत एकदा तरी म्हणतोच, ‘आली, टोचून गेली, पळाली. सगळा मार आम्ही खायचा!’ सगळे हसतात. मीही हसते. पण ‘पळाली’ हा शब्द मला कधी हलका वाटला नाही, कारण आमच्या घरात तो शिवीसारखा वापरला जातो.

चपळ म्हणजे फास्ट नव्हे

आधी हिशेब करू. आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम खेळतो. समोर एक ओग्र आहे असं समजा. ढेरपोट्या, हातात झाडाएवढा सोटा, ५९ हिट पॉइंट. त्याचा एक फटका सरासरी १३ पॉइंटचा. तिसऱ्या लेव्हलच्या फिरकीचे एकूण हिट पॉइंट २१. म्हणजे दोन फटके बसले की फिरकी आडवी.

आता बचाव बघा. आमच्या फायटरने कड्यांचं चिलखत घातलंय, हातात ढाल. त्याचा आर्मर क्लास १८. फिरकीचा चामड्याच्या जाकिटासकट १४. ओग्रला फासा टाकून त्यात ६ मिळवायचे असतात. म्हणजे वीसपैकी १३ आकड्यांवर तो मला लागतो, फायटरला फक्त ९ आकड्यांवर. थोडक्यात काय, तर ओग्रसमोर छाती काढून उभं राहणं हा माझ्यासाठी पराक्रम नाही, अंकगणितात नापास होणं आहे.

‘मग पळ ना लांब,’ असं म्हणाल. तिथेही गंमत आहे. ओग्रचा वेग एका फेरीत ४० फूट, माझा २५. सरळ शर्यत लावली तर तो मला चार पावलांत गाठेल. म्हणजे चपळ कॅरेक्टर वेगवान असतंच असं नाही. दोंडाईच्यापासून तापी ओलांडली की सारंगखेडा. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार. तिथले जाणकार घोडा नुसता पळवून बघत नाहीत. त्याची चाल बघतात, त्याला वळवून बघतात, थांबवून बघतात. जोरात पळणारे खूप असतात. पाहिजे तिथे थांबणारा आणि वळणारा मिळणं कठीण.

खेळातली चपळाई नेमकी तशी आहे. तिचे तीन भाग सांगते.

पहिला, आधी खेळणं. लढाई सुरू झाली की प्रत्येक जण इनिशिएटिव्हचा फासा टाकतो आणि त्यात डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, मिळवली जाते. चपळ माणूस बहुधा आधी खेळतो. जागा निवडायची पहिली संधी त्याची.

दुसरा, नेमकी वेळ. रोगकडे ‘स्नीक अटॅक’ असतो. शत्रूचं लक्ष दुसरीकडे असेल, किंवा त्याच्या पाच फुटांत आपला कुणी दोस्त उभा असेल, तर वाराला जादा फासे मिळतात. तिसऱ्या लेव्हलला सहा बाजूंचे दोन. फिरकीचा साधा वार सरासरी साडेसहाचा, स्नीक अटॅकचा साडेतेराचा. दुपटीहून जास्त! पण तो एका टर्नमध्ये एकदाच. त्यामुळे दोन तलवारी घेऊन सपासप चालवण्यापेक्षा एक वार, योग्य जागी. उगाच हाणामारी करून रोगला काही मिळत नाही.

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवशिके नेमका तोच विसरतात. बाहेर पडणं.

माघारीलाही किंमत असते

नियम असा आहे. तुम्ही शत्रूच्या हाताच्या टप्प्यात आहात आणि नुसतीच पाठ फिरवून चालू लागलात, तर त्याला एक फुकट वार मिळतो. त्याला ‘अपॉर्च्युनिटी अटॅक’ म्हणतात. हा वार टाळायचा असेल तर तुम्हाला ‘डिसएंगेज’ करावं लागतं. म्हणजे शत्रूवर नजर ठेवून, पाय सांभाळत, शिस्तीत मागे सरायचं. आणि त्यासाठी तुमची त्या फेरीतली मुख्य चाल, अ‍ॅक्शन, खर्च होते. मागे सरलात म्हणजे त्या फेरीत वार नाही.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आवडला. कारण पळ काढणं आणि माघार घेणं यातला फरक यात अगदी स्वच्छ लिहिलाय. पाठ दाखवून धूम ठोकलीत तर मागून वार. विचार करून सरकलात तर वार नाही, पण किंमत मोजावी लागते. माघार फुकट नाही. ती एक चाल आहे, वारासारखीच.

रोगचं सगळं कौशल्य एवढंच की दुसऱ्या लेव्हलला त्याला ‘कनिंग अ‍ॅक्शन’ मिळते. धावणं, डिसएंगेज करणं किंवा लपणं, यातलं एक काम तो बोनस अ‍ॅक्शनमध्ये उरकू शकतो. म्हणजे दहा फूट आत शिरायचं, टोचायचं, डिसएंगेज करायचं, उरलेले पंधरा फूट बाहेर. इतरांना जी माघार अख्ख्या फेरीला पडते, ती रोगला स्वस्तात पडते.

हे सगळं इंग्रजी पुस्तकात वाचताना मला मात्र शाळेचं ग्राउंड दिसत होतं. खो-खोचा नियम आठवा. पाठलाग करणारा एकदा एका दिशेला निघाला की खांबापर्यंत जाईस्तोवर त्याला उलटं फिरता येत नाही. मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळीक. आमचे पीटीचे सर म्हणायचे, ‘त्याच्यापेक्षा जोरात पळू नका. तो निघेपर्यंत थांबा, मग वळा.’ साखळी खेळताना बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जायचं, पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठे झुकतोय ते बघायचं, हुलकावणी द्यायची. कडेला पोरी ओरडायच्या, ‘पय, पय!’ आमच्या अहिराणीत पळला ‘पय’ म्हणतात. आणि गंमत बघा, खो-खोत जितकं जास्त वेळ पळाल तितक्या टाळ्या. या खेळाचे पहिले नियम पुण्यात १९१४ च्या सुमाराला बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या. मुलींची कॅप्टन प्रियांका इंगळे आणि मुलांचा कॅप्टन प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. बचावाची कला कुणाला येते ते जगाने बघितलं!

सत्तावीस वर्षांचा रोग

आता म्हणाल, खेळ ठीक आहे, खऱ्या लढाईत असं चालतं का? चालतं. आणि आपल्याकडे जितकं चाललं तितकं फार कमी ठिकाणी चाललं असेल. गनिमी कावा हा शब्द आपण इतका गुळगुळीत केलाय की त्यातलं तंत्र कुणी बघतच नाही. त्यासाठी माझं लाडकं उदाहरण पालखेडचं.

साल १७२७-२८. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, वय ५६, मुरलेला सेनानी. जड तोफखाना, मोठा लवाजमा. आपल्या भाषेत प्लेट आर्मर घातलेला हाय लेव्हल फायटर. दुसऱ्या बाजूला पहिला बाजीराव, वय २७. ज्या वयात आपण अप्रेझलच्या मेलची वाट बघतो, त्या वयात तो पेशवा होऊन सात वर्षं उलटली होती. त्याच्याकडे हलकं घोडदळ, जड तोफा नाहीत.

बाजीरावाने काय केलं? तोफांसमोर उभाच राहिला नाही. निजामाच्या मुलखात जालन्याकडे शिरला, बऱ्हाणपूरवर जातोय अशी हूल उठवली. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला, तर हा पश्चिम खानदेशातून तापी ओलांडून गुजरातेत उतरला. म्हणजे आमच्याच टापूतून की हो! लहानपणी तापीच्या पुलावरून एसटीने जाताना मला हे कुणी सांगितलं असतं तर इतिहासात दहा मार्क जास्त पडले असते. निजामाने मग पाठलाग सोडून सरळ पुणं गाठलं. त्याचा हिशेब असा, की घर पेटलं की पोरगा परत येईल आणि उभा राहून लढेल. पोरगा पुण्याला आलाच नाही. तो वळला औरंगाबादच्या रोखाने, निजामाच्या घराकडे. आता निजामाला धावणं भाग पडलं. वेग गाठण्यासाठी त्याने जड तोफा मागे सोडल्या. म्हणजे चिलखत त्याने स्वतःच्या हाताने उतरवलं! फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ, आजच्या वैजापूर तालुक्यात, त्याची फौज अशा जागी कोंडली गेली जिथे ना पाणी मिळेना ना रसद. मोठी घमासान न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावर १९६८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात या मोहिमेच्या हालचालींची तोंडभरून तारीफ केलीय.

तंत्र बघा. पहिलं, शत्रू जिथे बलवान तिथे जायचंच नाही. दुसरं, त्याला अशा गोष्टीच्या मागे धावायला लावायचं जी त्याला सोडवत नाही. तिसरं, धावता धावता तो स्वतःची ताकद उतरवून ठेवतो, तेव्हा वळायचं. खो-खोतलंच ‘तो निघेपर्यंत थांबा, मग वळा.’ फक्त ग्राउंड शेकडो मैलांचं.

जागेचं महत्त्व बघायचं तर उंबरखिंड, २ फेब्रुवारी १६६१. कारतलबखानाची फौज कोकणात उतरताना अरुंद, दाट झाडीच्या वाटेत शिवाजी महाराजांनी गाठली आणि हत्यारं-सामान ठेवून जायला लावलं. डी अँड डीत लपायला आडोसा लागतो. उघड्या मैदानात ‘मी लपते’ म्हटलं तर डीएम हसतो. आणि चपळ माणूस कायम लपूनच लढतो असंही नाही. आमच्या शेजारच्या बागलाणात साल्हेरला १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात समोरासमोर हरवलं. ताकद जमली की उभं राहायचं. मुद्दा लपण्याचा नाहीच, निवडण्याचा आहे. कधी, कुठे आणि किती वेळ लढायचं हे आपण ठरवायचं.

पण उभं कोण राहिलं?

इथपर्यंत मी फिरकीची वकिली केली. आता फायटरची बाजू. कारण ती खरी आहे, आणि ती कळल्याशिवाय रोग खेळूच नये.

वरचा ओग्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मी टोचून पंधरा फूट बाहेर आले. ओग्रचा वेग ४० फूट. तो माझ्यामागे का येत नाही? कारण त्याच्या पुढ्यात फायटर उभा आहे. तो फायटरला सोडून माझ्यामागे निघाला तर त्यालाच मागून फुकट वार बसणार. माझा स्नीक अटॅक तरी का लागला? फायटर त्याच्या पाच फुटांत उभा होता म्हणून. म्हणजे माझा वारही त्याच्या जिवावर आणि माझी माघारही त्याच्या जिवावर. एकटा रोग म्हणजे नुसतं २१ हिट पॉइंटचं जाकीट.

आपल्या इतिहासात या गोष्टीचं नाव घोडखिंड. जुलै १६६०, पन्हाळ्याचा वेढा. सिद्दी जौहरने महाराजांना असं कोंडलं होतं की चपळाई चालेना. खेळात याला ‘ग्रॅपल’ म्हणतात. कुणी तुम्हाला धरून ठेवलं की वेग शून्य, मग तुम्ही कितीही चपळ असा. पावसात वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, पाठलाग सुरू झाला, आणि खिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे लोक उभे राहिले. महाराज गडावर पोचेपर्यंत. त्या माघारीची किंमत कुणी मोजली हे आपण सगळेच जाणतो. म्हणून तर घोडखिंडीची पावनखिंड झाली.

हे लिहिताना मला बाजीप्रभूंच्या जोडीने आणखी एक माणूस दिसतो. तो काही इतिहासातला नाही. माझे वडील, नाना.

नाना आणि मिरची

दोंडाईचा म्हणजे मिरची. दिवाळीच्या आगेमागे ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली की गावाबाहेर लालभडक पथाऱ्या पसरतात आणि हवेलाच ठसका लागतो. नानांचं आडतीचं छोटं दुकान. पस्तीस वर्षं ते लिलावाला उभे राहिले, मग वाळलेल्या मालाच्या मापाला, मग पोती भरताना. रुमाल नाकाला लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्या पस्तीस वर्षांतच मी खो-खो खेळले, पुण्याला मास कॉम केलं, एका पेपरात नोकरी धरली आणि दोन वर्षांनी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. नोकरी सोडली तेव्हा गावात बोललं गेलं, ‘पोरगी पळाली तिथून.’ नाना काही बोलले नाहीत. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही तेच म्हटलं असतं. त्यांच्या लेखी माणूस दोनच प्रकारचा, उभा राहणारा आणि पळणारा.

गेल्या वर्षी धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की छातीत धूळ बसलीय, मिरचीच्या मालाजवळ दिवसभर उभं राहायचं नाही. नानांचं वय ६२. आईने समजावलं, काकांनी समजावलं, मी फोनवर भांडले. उत्तर एकच. ‘हंगाम सोडून घरी बसू? लोक काय म्हणतील, आडत्या पळाला?’

दिवाळीत घरी गेले तेव्हा चुलत भावंडांनी हट्ट धरला, ताई तुझा तो राक्षसांचा खेळ शिकव. शेवेचं ताट मध्ये ठेवून आम्ही ओसरीवर बसलो. नाना खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे वाचायचं नाटक करत होते. माझ्या चुलतभावाचा फायटर दोन गॉब्लिनांत सापडला. सहा हिट पॉइंट उरले होते. त्याला मागे यायचं होतं. मी त्याला डिसएंगेजचा नियम सांगितला, की नुसतं पळालास तर मागून वार, शिस्तीत सरलास तर वार नाही, पण तुझी चाल जाईल.

पेपरमागून आवाज आला, ‘पयाले काय अक्कल लागस, माय?’ पळायला काय अक्कल लागते.

‘नाना, पळायला नाही लागत. मागे सरायला लागते. म्हणून तर त्याला चाल मोजावी लागते.’

नाना काही बोलले नाहीत. चुलतभावाने डिसएंगेज केलं, मागे आला, धाकटीच्या क्लेरिकने त्याला बरं केलं, पुढच्या फेरीत तो परत गेला आणि गॉब्लिन आडवा. ओसरीवर एकच कल्ला. थोड्या वेळाने नानांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, ‘तो मागे आला तेव्हा त्याच्या जागी कोण होतं?’

मी नकाशा बघितला. त्याच्या जागी माझा बारका भाचा होता. त्याने आपलं कॅरेक्टर सरकवून दार अडवलं होतं, कुणी न सांगता.

‘हां,’ नाना म्हणाले. ‘मग ठीक.’

मला रात्रभर झोप नाही. नानांना माघार कमीपणाची वाटत होती हे खरं, पण अडचण तेवढीच नव्हती. त्यांच्या जागी दारात कुणी नव्हतं. आम्ही सगळे त्यांना मागे ये, मागे ये म्हणत होतो आणि खिंड मोकळी सोडत होतो.

फ्रीलान्सरचा एक फायदा असतो. लॅपटॉप कुठेही उघडतो. मी त्या हंगामात तीन आठवडे दोंडाईच्यात राहिले. सकाळी कॉपी, दुपारी काट्यावर. तोंडाला मास्क, हातात वही, हमालांशी हिशेब. माझ्यानंतर चुलतभाऊ उभा राहिला, त्याच्यानंतर काका. आणि नानांनी स्वतःचा डाव स्वतः बसवला. ते रोज सकाळी लिलावाला येतात. बोली लावतात. अर्ध्या तासात, माल हलून धूळ उडायच्या आत, गाडीवर टांग टाकून घरी. भाव त्यांच्याइतका कुणाला कळत नाही, म्हणून तेवढं काम त्यांचं. बाकीचं आमचं. यात, एक वार, बाहेर! मी त्यांना म्हटलं, ‘नाना, तुम्ही रोग झालात.’ त्यांनाही आईसारखंच वाटलं, की दुखणं म्हणतेय. मग अर्थ सांगितला तर लाजले.

खोकला पूर्ण गेला नाही. डॉक्टर म्हणतात, जितकी झीज झाली तितकी झाली, पुढची थांबवा. तेवढं चाललंय.

टेबलवर बसण्याआधी

तुम्हीही रोग, माँक, रेंजर असलं काही चपळ कॅरेक्टर घेऊन बसणार असाल, तर हे खिशात ठेवा.

आत शिरायच्या आधी बाहेरची वाट बघून ठेवा. हलण्याचे सगळे फूट आत जाण्यातच संपवू नका.

वार केल्यावर विचार करा, मला आता कोण गाठू शकतं? उत्तर ‘दोघं-तिघं’ असेल तर जागा चुकलीय.

रिअ‍ॅक्शन एका फेरीत एकच मिळते. पाचव्या लेव्हलला ‘अनकॅनी डॉज’ मिळतो, त्याने एका वाराची इजा निम्मी होते. तो पहिल्याच किरकोळ फटक्यावर उधळू नका.

स्नीक अटॅक टर्नमागे एकदा असतो, फेरीमागे नव्हे. शत्रू तुमच्या टप्प्यातून निघाला आणि तुम्हाला अपॉर्च्युनिटी अटॅक मिळाला, तर दुसऱ्याच्या टर्नमध्येही तो लागू शकतो. अटी मात्र त्याच.

कुणी धरून ठेवलं की आधी सुटा, मग तलवार. वेग शून्य असलेला रोग म्हणजे तयार जेवण.

आणि शेवटचं. लढाई संपली की फायटरला आधी बरं करा. औषधाची पहिली बाटली त्याची. तो उभा होता म्हणून तुम्ही चपळ दिसलात. शक्य झालं तर एखाद्या लढाईत दोन फेऱ्या त्याच्या जागी उभे राहा. २१ हिट पॉइंट असतील तरी चालतील. दोन फेऱ्या पुरतात, त्याला मागे येऊन श्वास घ्यायला.